वाळवणीवरचं पार्किंग

“यंदा माझ्याकडं सुकं मागू नका, वयनी. वाळवणीवर गाड्या उभ्या ऱ्हातात आता.”

मावशी दारात टोपली उतरवता उतरवता आईला सांगत होत्या. मी आतल्या खोलीत पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले होते. रविवार होता, नोव्हेंबर महिना. मावशी मनोरीच्या. बोरिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासळी घेऊन येतात. मी दुसरी-तिसरीत होते तेव्हापासून. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी दार उघडण्यापलीकडे फारसं बोललेले नाही. दार उघडायचं, “आई, मावशी आल्यात” असं आत ओरडायचं आणि आपल्या खोलीत जायचं, एवढंच.

“कसल्या गाड्या?” आईने विचारलं.

“मोटारी गो. शनवार-रयवार निसती जत्रा. कुनीतरी कम्प्युटरवर लिवलंय म्हनं, हितं मोकळं मैदान हाय, फुकट गाडी लावा. मैदान! आमचा बोंबील सुकतो तितं.”

“मग सांगायचं ना त्यांना.”

“सांगते ना. तर मोबाइल धरतात तोंडापुढं. ह्यात लिवलंय, म्हनतात. मी काय वाचनार त्यात, कपाल?”

आई हसली. सुरमईचा भाव विचारला, महाग आहे म्हणाली आणि बांगडे घेतले. मावशींनी पायरीवर बसून ते कापले, पाणी मागितलं, पिऊन गेल्या. दार बंद झाल्याचा आवाज आला तरी मी हलले नाही. ते वाक्य कोणी लिहिलं होतं ते मला माहीत होतं.

मी अंधेरीच्या एका छोट्या ऑफिसात लिहायचं काम करते. जाहिराती, वेबसाइटचा मजकूर, लोकांच्या कंपन्यांचं ‘आमच्याविषयी’. सगळं इंग्रजीत. जूनमध्ये आमच्याकडे एक काम आलं होतं: मुंबईच्या कडेला अजून खेडी म्हणून उरलेल्या गावांची माहिती देणारी साइट. प्रत्येक गावाला एक पान, प्रत्येक पानाचे तीन भाग. लोक काय करून जगतात, बघण्यासारखं काय आहे, कसं पोहोचायचं. बहुतेक पानं मी खुर्चीवरून न उठता लिहिली. इकडचं तिकडे करायचं, वाक्यं फिरवायची. मनोरीला मात्र मी स्वतः गेले होते. घरापासून जवळ होतं आणि आपण काम मनापासून करतो, असं स्वतःला वाटायला हवं होतं.

ते जुलैत. पाऊस दोन दिवस थांबला होता. होड्या वर ओढून निळ्या प्लास्टिकखाली झाकून ठेवलेल्या होत्या. किनाऱ्यामागे वाळूची एक लांबरुंद सपाट जागा होती, पूर्ण रिकामी. एका बाजूला बांबूंचा ढीग रचलेला. जमिनीत ओळीने खड्डे होते, सारख्या अंतरावर, त्यांत पाणी साचलेलं. मी त्या खड्ड्यांचा फोटोसुद्धा काढला, कारण त्यांत आभाळ दिसत होतं. हे कशाचे खड्डे असतील, हा प्रश्न मला पडला होता, हे मला नीट आठवतं. समोरच्या घराच्या ओट्यावर एक बाई जाळं विणत बसली होती. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे विचारायला फक्त दहा पावलं जायचं होतं.

मी गेले नाही. माझं मराठी घरात चालतं. बाहेर, विशेषतः ज्यांचं मराठी पाण्यासारखं वाहतं त्यांच्यासमोर, माझं वाक्य अर्ध्यावर थांबतं आणि मी इंग्रजी शब्द शोधू लागते. मग समोरचा माणूस हिंदीत बोलायला लागतो. त्या क्षणाची मला इतकी लाज वाटते, की तो येऊ नये म्हणून मी कितीतरी गोष्टी न विचारताच घरी आले आहे. त्या दिवशीही मी फोनमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं केलं आणि परत फिरले.

पानावर मी लिहिलं की मुख्य व्यवसाय मासेमारी, पावसाळ्यात होड्या बंद, थोडी भातशेती, हल्ली पर्यटनामुळे रोजगाराच्या नव्या वाटा. बघण्यासारखं काय, तर शांत किनारा, जुनी कौलारू घरं. इथली सुकी मासळी नक्की घ्या, हेही लिहिलं. कसं पोहोचाल, तर मालाडहून मार्वेची बस आणि तिथून बोट. किंवा बोरिवलीहून गोराईची बोट. किंवा स्वतःच्या गाडीने भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने. आणि शेवटी एक ओळ: किनाऱ्यामागे मोठं मोकळं मैदान आहे, पार्किंग मोफत. नकाशावर तिथे खूणही मीच टाकली.

सुकी मासळी नक्की घ्या, असं लिहिणाऱ्या मुलीला ती कुठेतरी सुकवावी लागत असेल हे सुचलं नाही. एकाच पानावर, दोन परिच्छेदांच्या अंतरात. जुलैत होड्या बंद असतात म्हणून जागा रिकामी होती, आणि होड्या बंद असतात हेही मीच वरच्या परिच्छेदात लिहिलं होतं.

सोमवारी ऑफिसात मी माझ्या सीनियरला म्हटलं, “मनोरीच्या पानावरची पार्किंगची लाइन काढू का?”

“का गं? झकास चाललंय ते पान,” तो खुर्ची फिरवून म्हणाला. “पार्किंग म्हटलं की पब्लिक खूश. क्लायंटपण खूश. तुला काय झालं?”

“नाही, म्हणजे... तिथे बहुतेक मासे सुकवतात.”

“मग ‘मासे सुकताना बघा’ अशी पण एक लाइन टाक ना यार. अट्रॅक्शन आहे ते.”

तो चेष्टेत म्हणाला, वाईट मनाने नाही. मी हसले. हो, मी हसले. दुपारी तो जेवायला गेला तेव्हा ती ओळ मी गुपचूप काढली, नकाशावरची माझी खूणही काढली. संध्याकाळी मेट्रोने घरी येताना अगदी हलकं वाटत होतं. दोन दिवस ते टिकलं. मग सहज शोधून पाहिलं, तर माझं वाक्य आणखी कितीतरी ठिकाणी होतं. कोणी तसंच्या तसं उचललेलं, कोणी ‘मोठं’च्या जागी ‘प्रशस्त’ घातलेलं. नकाशावर दुसऱ्याच कोणीतरी तिथे नवी खूण केली होती आणि लोकांनी खाली तारे दिले होते. एकाने लिहिलं होतं, जागा छान, फक्त वास येतो.

ते आता माझ्या हातात नव्हतं. पण ते माझं नव्हतं, असंही म्हणता येत नव्हतं.

पुढच्या रविवारी मावशी आल्या तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन बसले. नळ सोडला. तरी आईचा आवाज आलाच. “अहो, आमची मुलगी हेच तर करते. कम्प्युटरवर लिहिते. ती देईल तुम्हाला अर्ज लिहून. इंग्लिशमध्ये एक, मराठीत एक. इंग्लिशचं वजन पडतं.”

“करंल काय ती?”

“न करायला काय झालं? दिवसभर तेच तर चाललेलं असतं तिचं.”

मी बाहेर आले तेव्हा दोघी माझ्याकडे बघत होत्या. आईच्या चेहऱ्यावर अभिमान होता. एरवी मी काय काम करते ते तिला कोणाला नीट सांगता येत नाही, आज सांगता आलं होतं. मावशी म्हणाल्या, “शनवारी येशील काय गो? सगल्या बायका जमतो, तू लिव. एक कागद वॉर्डाच्या हापिसात देऊ, एक त्या कम्प्युटरवाल्याला.”

मी हो म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे माझे निम्मे होकार असेच असतात.

जायच्या आदल्या रात्री मी आईला सांगायचं ठरवलं होतं. ती डबे घासत होती. मी ओट्याला टेकून उभी राहिले, तिने विचारलं, “काय हवंय?” मी म्हटलं, “काही नाही.” तिने माझ्या हातात फडकं दिलं आणि मी डबे पुसले.

गोराईच्या धक्क्यावर बोट भरेपर्यंत थांबावं लागलं. पानावर मी लिहिलं होतं, दर पंधरा मिनिटांनी. पलीकडून शेअर रिक्षा. रिक्षावाल्याने विचारलं, “बीचवर ना?” मी म्हटलं, “नाही, गावात.” त्याने आरशात माझ्याकडे बघितलं.

मावशी नाक्यावर उभ्या होत्या. डोक्यावर टोपली नसलेल्या मावशी मी पहिल्यांदाच बघितल्या. त्या माझ्यापेक्षा ठेंगण्या निघाल्या. “आलीस? ये. पहिलं तुला दाखवते, मंग जेव, मंग लिव,” असं म्हणत त्यांनी माझा हात धरला आणि सोडला नाही.

जागा तीच होती. जुलैतल्या प्रत्येक खड्ड्यात आता बांबू रोवलेला होता, बांबूंना आडवे बांबू बांधलेले आणि त्यांवर बोंबील टांगलेले, दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून, एक इकडे एक तिकडे. पण हे फक्त मागच्या भागात. रस्त्याच्या बाजूचे बांबू काढून ठेवावे लागले होते, कारण गाड्या मागे घेताना त्यांना धक्के बसत होते. तिथे मोटारींच्या रांगा होत्या. दोन गाड्यांच्या मधे काही मुलं बॅडमिंटन खेळत होती. उरलेल्या बांबूंपैकी एकावर, बोंबलांच्या शेजारी, कोणाचे तरी ओले टीशर्ट आणि टॉवेल वाळत घातलेले होते.

“बग,” मावशी म्हणाल्या. “मला वाटलं कुनी आपलाच हाय, म्हनून मी बोंबील सरकवून जागा दिली. मंग बगते तर पोहून आलेला.”

खाली चटईवर जवळा पसरलेला होता. चटईच्या कडेवरून एक टायर गेलेला. मावशींनी वाकून तिथला जवळा चिमटीत घेतला, बोटांनी चोळला, फेकून दिला. “वालू. दाताखाली येती. गिऱ्हाईक एकदा थुकलं की परत येत नाय.”

जवळून एक बाई नाकाला ओढणी लावून गेली. तिच्या हातात फोन होता. मी मान फिरवली, ती मला ओळखेल अशी भीती वाटल्यासारखी.

“पावसात बोटी बंद ना,” मावशी सांगत होत्या, “तवा आमी ह्यावर जगतो. जून, जुलै, अर्धा आगस्ट. आता सुकवायचं आनि तवा विकायचं. आता नाय सुकवलं तर तवा काय विकू? टोपलीत मी बसू?” आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्या हसल्या.

त्यांच्या ओट्यावर सहा-सात बायका जमल्या होत्या. आधी जेवण झालं. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. मी घरी बोंबील खात नाही, काटा मऊ लागतो म्हणून. इथे ताटातलं सगळं संपवलं. एका तरण्या बाईने आणखी वाढलं. “खा गो, हापिसात काय कागद खातेस काय? किती वाललीस. तुलाच टांगलं होतं काय बांबूवर?” सगळ्या हसल्या. मीही हसले आणि ते हसणं खरं होतं, म्हणून त्याची जास्त लाज वाटली.

मग मी वही काढली.

“लिव,” सगळ्यांत म्हातारी बाई म्हणाली. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. “लिव, की तुझ्या आयशीनं गच्चीवर पापड घातले आनि मी त्यावर येऊन माझी टोपली ठेवली, तर चालंल काय तुला?”

“अर्जात असं नाय लिवत, आजी,” तरणी म्हणाली. “‘महोदय’ लिवायचं असतं.”

“त्याला कसलं महोदय? मुडद्याला.”

“जाडा असंल बग,” मावशी म्हणाल्या. “खुर्चीत मावत नसंल. एशीत बसून लिवतो. मैदान!”

“टकल्या पन असंल.”

“बायको त्याची त्याला सुकं करून घालत असंल, नि ह्याला ठाव नाय ते कुठनं येतं.”

त्या माणसाला पोट, टक्कल, सोन्याची साखळी, आळशी बायको असं सगळं मिळत गेलं. त्यात तो इतका खराखुरा झाला, की क्षणभर मलाही त्याचा राग आला. वहीवर मी लिहीत होते: आम्ही खाली सह्या करणाऱ्या महिला पिढ्यानपिढ्या या जागेवर मासळी सुकवतो. ‘पिढ्यानपिढ्या’ मी आधी चुकीचं लिहिलं, खोडलं. तरण्या बाईने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं.

“आनि हे पन लिव,” मावशी म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. “तो हितं आला असंल. आल्याशिवाय कसं कलनार त्याला, मागं जागा हाय म्हनून? मंग आला तर आमाला विचारलं का नाय? आमी काय त्याला खाल्ला असता? पानी दिलं असतं, मासा दिला असता. तुला दिला तसा.”

मी ते लिहिलं. मराठीत लिहिलं, तसंच, ‘पाणी दिलं असतं’ हेसुद्धा. समोरच्या ओट्याकडे मी बघितलं नाही. ती जाळं विणणारी बाई बहुतेक याच बायकांत बसलेली होती. कोण ते मला ओळखता येत नव्हतं, कारण जुलैत मी तिच्याकडे धड बघितलंच नव्हतं.

“वाच,” म्हातारी म्हणाली.

मी वाचलं. मधे दोनदा अडखळले. कोणी हिंदीत बोललं नाही. म्हातारीने एक शब्द नीट करून दिला आणि पुढे वाच म्हणून हात हलवला. मी संपवलं. मग म्हातारी म्हणाली, “ब्येस. आमच्या मनातलं लिवलंस.” तरण्या बाईने मुलीच्या कंपासपेटीतलं पेन आणलं आणि एकेक जण सही करू लागली. म्हातारीने अंगठा दिला, तो पदराला पुसला. मावशींनी सही केली. अक्षरं सुटी सुटी, शाळेतली, जीभ दातांत धरून.

मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“आता तुझी.”

“माझी कशाला?”

“कशाला म्हंजे? शिकलेल्या मानसाची सही असली की ऐकतात. आमची नावं बगून ठेवतील फायलीत. कर. तू आमची साक्षीदार.”

“मी इथली नाही, मावशी.”

“जेवलीस ना हितं? मंग झालं.”

बायका हसल्या. मी पेन हातात घेतलं. सही करून परत जाता आलं असतं. सोमवारी तोच कागद आमच्या ऑफिसात आला असता, माझ्या सीनियरने तो माझ्याच टेबलावर टाकला असता आणि मी त्याला नम्र उत्तर लिहिलं असतं, इंग्रजीत. गावात माझं नाव चांगलं राहिलं असतं, घरी आईचं. मावशी बुधवारी बांगड्यांत एक जास्तीचा टाकून गेल्या असत्या. हे सगळं मला एका दमात दिसलं आणि त्यातलं सगळ्यात वाईट हे, की ते मला करता येईल असं वाटलं.

मावशी माझ्या हाताकडे बघत होत्या. “काय गो, शाई संपली?”

मी पेन खाली ठेवलं. कोणत्या भाषेत सुरुवात करायची तेच कळेना, आणि मग मला जसं आलं तसं मी बोलले. “माझं नाव खाली नको, मावशी. वर घाला, तक्रार कोणाविरुद्ध आहे तिथे. ते मी लिहिलं होतं.”